क्रूस आणि वधस्तंभ

सरकारी सुट्ट्यांच्या यादीत गुड फ्रायडेचा समावेश असतो. शनिवार-रविवार जोडून घेता येत असल्याने ही सुट्टी अनेकांना सोयीची वाटते, आणि कचेरीतील किंवा शाळेतील ख्रिस्ती सहकाऱ्याला कोणी भाबडेपणाने या दिवसाच्या शुभेच्छाही देऊन जातो. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. स्वीकारणाऱ्याची मात्र पंचाईत होते. कारण हा सण नव्हे. एका माणसाला सरकारी हुकमाने ठार मारण्यात आले, त्याची ही आठवण आहे. जगात दोनशे कोटींहून अधिक अनुयायी असलेल्या धर्माच्या केंद्रस्थानी गुलामांना आणि बंडखोरांना द्यावयाची एक शिक्षा असावी, ही गोष्ट विलक्षण आहे. परंतु ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे विलक्षणपण ख्रिस्ती लोकांच्याही लक्षात आता सहसा येत नाही.

मराठी भाषेने मात्र त्याची खूण जपून ठेवली आहे. क्रूस हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. वसईत, वांद्र्याला, गोव्यात रस्त्याच्या वळणावर किंवा घराच्या अंगणात जो उभा असतो, ज्याला वर्षाकाठी चुना लावतात आणि ज्याच्यापुढे संध्याकाळी मेणबत्ती लावतात, तो क्रूस. मुंबई व उपनगरांतील असे कित्येक क्रूस १८९६ साली सुरू झालेल्या प्लेगच्या साथीत संकटनिवारणासाठी उभारले गेले. प्रॉटेस्टंट पंथीयांच्या मराठी बायबलात मात्र ‘वधस्तंभ’ हा शब्द रूढ झाला. क्रूस म्हटले की पूजेची वस्तू डोळ्यांपुढे येते. वधस्तंभ म्हटले की वध दिसतो. भक्ताला कदाचित दोन्ही शब्द लागतात. परंतु क्रूस गळ्यातल्या साखळीत सोन्याचा होऊन बसला की दुसऱ्या शब्दाची आठवण करून देणे आवश्यक ठरते.

रोमन साम्राज्यात ही शिक्षा गुलाम, दरोडेखोर आणि राज्याविरुद्ध उठलेले परके प्रजाजन यांच्यासाठी होती. रोमन नागरिकाला ती सहसा देत नसत. सभ्य नागरिकाच्या कानावर तिचे नावही पडू नये, असे सिसेरोचे मत होते. स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर, ख्रिस्तपूर्व ७१ मध्ये, पकडलेल्या सहा हजार गुलामांना कापुआपासून रोमपर्यंतच्या हमरस्त्यावर ओळीने खिळण्यात आले होते. नुसते ठार मारायचे तर तलवारीने ते काम क्षणात झाले असते. मरणाऱ्याला नग्न आणि असहाय अवस्थेत, सर्वांच्या देखत, शक्य तितका वेळ लटकत ठेवावे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आपली पायरी ओळखून राहण्याचा धडा द्यावा, हा त्या शिक्षेमागील हेतू. १९६८ साली जेरुसलेमच्या उत्तर भागातील एका थडग्यात पहिल्या शतकातील एका तरुणाच्या टाचेचे हाड सापडले. त्यात लोखंडी खिळा तसाच अडकलेला होता. त्याचे टोक वाकल्यामुळे तो उपसता आला नसावा, असे संशोधकांचे अनुमान आहे. येशूच्या शिक्षेचे स्वरूप काय होते हे समजण्यास तो एक खिळा पुरेसा आहे.

अशा रीतीने मेलेल्या माणसाला प्रभू म्हणणे तत्कालीन सुशिक्षितांना हास्यास्पद वाटले, यात नवल नाही. ही गोष्ट यहुद्यांना अडखळवणारी आणि ग्रीकांना मूर्खपणाची वाटते, हे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना स्वतःच कबूल केले आहे. रोममधील पॅलाटाइन टेकडीवर १८५७ साली भिंतीवर खरडलेले एक चित्र सापडले. गाढवाचे डोके असलेला मनुष्य वधस्तंभावर आहे, खाली एक जण हात उंचावून उभा आहे, आणि अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करीत असल्याचा मजकूर शेजारी आहे. कोणा सेवकाची त्याच्या सोबत्यांनी केलेली ही टवाळी असावी. येशूच्या वधाचे जे अगदी जुने चित्रण आज उपलब्ध आहे, त्यात या टवाळीची गणना होते. ख्रिस्ती लोकांनी स्वतः हे दृश्य चर्चच्या दारावर उघडपणे कोरलेले दिसते ते पाचव्या शतकात, रोममधील सांता सबिना चर्चच्या लाकडी दरवाजावर. तोवर रोमन साम्राज्यात ही शिक्षा बंद पडली होती. ज्यांनी ती प्रत्यक्ष पाहिली होती, त्यांना ती भिंतीवर काढून ठेवण्याची इच्छा झाली नसावी.

सत्यासाठी मरण पत्करणाऱ्या महापुरुषांच्या मालिकेत येशूला बसवून हा प्रश्न सोडवण्याची आपल्याकडे सवय आहे. सॉक्रेटिसाशी तुलना तर शालेय निबंधापासून चालत आली आहे. परंतु शुभवर्तमाने लक्षपूर्वक वाचणाऱ्याला ही तुलना लंगडी वाटू लागते. सॉक्रेटिसाने मित्रांशी आत्म्याच्या अमरत्वाची चर्चा करीत शांतपणे विषाचा पेला घेतला. येशू आदल्या रात्री बागेत भयाने घामाघूम होतो, हा पेला टळावा म्हणून प्रार्थना करतो, सोबत जागे राहण्याची मित्रांना विनवणी करतो आणि ते झोपी जातात. मार्क आणि मत्तय यांच्या वृत्तान्ताप्रमाणे, वधस्तंभावरून तो देवाने आपला त्याग का केला असे मोठ्याने विचारतो. संस्थापकाची थोरवी गाण्यासाठी लिहिणारा कोणीही लेखक ही आरोळी गाळून टाकील. ती गाळली गेली नाही, आणि तीच पुढे असंख्य दुःखितांचा आधार ठरली. कुष्ठरोगी, मूल गमावलेली आई, गॅस चेंबरच्या दाराशी उभा राहिलेला कैदी यांना वेदनेवर विजय मिळवलेल्या तत्त्वज्ञापेक्षा वेदनेत ओरडणारा हा मनुष्य जवळचा वाटला. ख्रिस्ती श्रद्धेचा दावा असा की या आरोळीत देव स्वतः सामील आहे. तो वरून पाहत नाही, तेथे लटकत आहे.

हा दावा तर्काच्या चौकटीत बसवण्याचे प्रयत्न चर्चच्या पंडितांनी पुष्कळ केले. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्मने सरंजामशाहीच्या परिभाषेत मांडणी केली: मानवाने ईश्वराच्या सन्मानाचा भंग केला, त्याची भरपाई मानवाने करायला हवी, पण ती करण्याचे सामर्थ्य एका ईश्वरातच आहे, म्हणून ईश्वर मानव झाला. काही दशकांतच आबेलारने निराळी बाजू पुढे केली. त्याच्या मते वधस्तंभावरील प्रेम पाहून मनुष्याचे अंतःकरण वितळते आणि तो बदलतो, हेच तारण. त्याही पूर्वीचे धर्मपिते मृत्यू आणि सैतान यांच्यावरील विजयाची भाषा वापरीत. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, यांपैकी कोणत्याही एका उपपत्तीवर सर्वमान्य धर्मपरिषदेने शिक्कामोर्तब केले नाही. पित्याचा राग शांत करण्यासाठी निरपराध पुत्राचा बळी, असे जे चित्र काही प्रवचनांतून रंगवले जाते, ते ऐकून विचारी माणूस दचकतो, आणि त्याने दचकावेच. त्रैक्याचा सिद्धान्त मानणाऱ्याला न्याय देणारा आणि शिक्षा भोगणारा यांची अशी फारकत करता येत नाही. शिवाय तिसऱ्या दिवसाच्या पुनरुत्थानावरील विश्वास बाजूला काढला तर स्पार्टाकसच्या सहा हजार सोबत्यांत आणखी एकाची भर, एवढाच या मृत्यूचा अर्थ उरतो, हेही पौलापासूनचे ख्रिस्ती प्रतिपादन आहे.

३८१ साली कॉन्स्टँटिनोपल येथे मान्य झालेले श्रद्धासूत्र जगभरच्या चर्चमधून आजही म्हटले जाते. त्यात येशूखेरीज दोनच माणसांची नावे आहेत. एक त्याची आई मरिया आणि दुसरा त्याला मृत्युदंड देणारा यहुदियाचा सुभेदार पिलात. ही घटना पुराणकाळातील नसून अमुक एका अधिकाऱ्याच्या कारकिर्दीतील आहे, एवढेच त्या नावाने सुचवायचे होते. टॅसिटस या रोमन इतिहासकारानेही पिलाताचे नाव या शिक्षेच्या संदर्भात नोंदवले आहे. १९६१ साली कैसरिया येथे त्याच्या नावाचा शिलालेखही सापडला. परंतु रोजच्या जीवनाशी वधस्तंभाचा संबंध शोधणाऱ्याने खरे तर याच नावापाशी थांबायला हवे.

इतिहासातील पिलात कठोर होता. शोमरोनी लोकांच्या कत्तलीच्या तक्रारीवरून त्याला परत बोलावण्यात आले. शुभवर्तमानांतील पिलात मात्र रक्तपिपासू नाही. आरोपी निर्दोष आहे हे त्याला कळते आणि तो तसे बोलूनही दाखवतो. लूकच्या वृत्तान्ताप्रमाणे आरोपी गालीलचा असल्याचे समजताच तो प्रकरण हेरोदाकडे वर्ग करतो. ते तेथून परत येते. सणानिमित्त एक कैदी सोडण्याच्या प्रथेचा तो आधार घेऊन पाहतो, तर जमाव बरब्बाला मागतो. मग कैसराकडे आपल्या निष्ठेबद्दल तक्रार जाईल अशी धमकी मिळताच त्याचे धैर्य संपते. तो पाणी मागवतो, सर्वांसमक्ष हात धुतो आणि हुकूम देतो. कोणत्याही कचेरीत चार वर्षे काढलेल्या माणसाला ही कार्यपद्धती अपरिचित वाटू नये. प्रमुख याजक कयफा याचे म्हणणे तर अधिकच परिचयाचे आहे. सर्व राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा एका माणसाने मरावे हे बरे, असा त्याचा हिशेब योहानाने नोंदवला आहे. संस्थेच्या हितासाठी एकाचा बळी देताना जगातील सर्व संस्थाचालक आजवर हेच बोलत आले आहेत. यहूदाने तीस नाणी घेतली, पेत्राने ओळख नाकारली, शिष्य पळाले, सैनिकांनी चिठ्ठ्या टाकून अंगरखा मिळवला. राक्षस म्हणावा असा या कथेत कोणीच नाही. नोकरी, सुरक्षितता, पद आणि संस्थेची प्रतिष्ठा सांभाळणारी ही सामान्य माणसे आहेत. ख्रिस्ती परंपरेत ‘पाप’ या शब्दाचा जो अर्थ आहे, तो प्रवचनांपेक्षा या माणसांकडे पाहून अधिक चटकन कळतो.

दुर्दैव असे की ज्या धर्माने ही कथा जपली, त्याच धर्माच्या सत्ताधाऱ्यांनी वधस्तंभाचे निशाण करून तीच कथा पुन्हा घडवली. या वेळी ते पिलाताच्या आसनावर होते. मराठीत ख्रिस्ताची कथा विस्ताराने ओवीबद्ध करणारे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. अवताराने दुष्टांचा संहार करावा अशी कथा ऐकण्यास सरावलेल्या श्रोत्यांना, येथे अवतरलेला देवच मारला जातो आणि मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो, हे त्यांच्याच भाषेत सुमारे अकरा हजार ओव्यांतून सांगितले गेले. परंतु त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायालय चालू होते, आणि मधली चार वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत चालू राहिले. तेथेही क्रूस होता. तो न्यायासनाच्या बाजूला होता. युरोपात तर येशूच्या वधाचा ठपका समस्त यहुदी जमातीवर ठेवून शतकानुशतके तिचा छळ झाला. वधस्तंभावर मेलेला मनुष्य स्वतः यहुदी होता, याचा त्या काळात सोयीस्कर विसर पडला. हा ठपका त्या काळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले ते १९६५ साली, छळछावण्यांतील संहारानंतर दोन दशकांनी. २००२ साली अमेरिकेत बोस्टन येथील प्रकरणे बाहेर आली, तेव्हा काही धर्मगुरूंनी केलेले मुलांचे लैंगिक शोषण वरिष्ठांनी वर्षानुवर्षे झाकून ठेवल्याचे उघड झाले. संस्थेच्या अब्रूसाठी निरपराध मुलांचा बळी देण्याचा हा हिशेब थेट कयफाचा होता.

दुसरा गैरवापर अधिक सौम्य, म्हणूनच अधिक सार्वत्रिक आहे. प्रत्येकाने आपला क्रूस निमूटपणे वाहावा, असा उपदेश ख्रिस्ती घरांतून सर्रास केला जातो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रीला तो केला जातो. अमेरिकेतील मळ्यांवर गुलामांना तो केला गेला. येशूने क्रूस उचलण्यास सांगितले हे खरे, परंतु त्याचा स्वतःचा वधस्तंभ नशिबाने त्याच्या वाट्याला आला नव्हता. जकातदारांबरोबर जेवणे, महारोग्याला स्पर्श करणे, मंदिरातील सराफांचे चौरंग उलथणे या वर्तनाची ती किंमत होती आणि ती त्याने जाणूनबुजून मोजली. दुसऱ्याने लादलेला अन्याय आणि दुसऱ्यासाठी पत्करलेले दुःख यांत अंतर आहे. पहिला प्रकार म्हणजे क्रूस, असे सांगणारा उपदेशक नकळत खिळे ठोकणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभा राहतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय गुलामांना हे अंतर धन्यांच्या धर्मोपदेशकांपेक्षा अधिक कळले होते. त्यांनी वधस्तंभावर आपल्यासारखाच एक छळलेला मनुष्य पाहिला, आणि त्यातून सहनशक्तीबरोबर मुक्तीची आकांक्षाही घेतली.

महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनाही ते कळले होते. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही, बिशपांनी आणि मठातील भगिनींनी सांगितलेले निमूट मान्य करण्याचे त्यांनी नाकारले, हे त्यांच्या पत्रव्यवहारावरून दिसते. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली व विधवा यांना घेऊन आल्या. केडगावला त्यांच्यासाठी उभारलेल्या संस्थेला त्यांनी ‘मुक्ती’ हे नाव दिले. विधवेने केशवपन करून कोपऱ्यात बसणे हा तिचा भोग मानणाऱ्या समाजात, तुझा क्रूस वाहा असे त्यांनी त्या मुलींना सांगितले नाही. त्यांनी त्यांना लिहिण्या-वाचण्याबरोबर विणकाम, छपाई आणि शेती शिकवली, आणि तो भार स्वतः वाहिला. धर्मांतराच्या प्रश्नावर रमाबाईंविषयी महाराष्ट्रात मतभेद झाले आणि ते आजही आहेत. परंतु वधस्तंभाचा व्यवहारातील अर्थ त्यांच्याइतक्या नेमकेपणाने जगून दाखवणारी व्यक्ती शोधावी लागेल.

या अर्थातला सर्वांत कठीण भाग क्षमेचा. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओरिसातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दहा व सहा वर्षांची दोन मुले गाडीत झोपलेली असताना जमावाने गाडी पेटवून दिली. स्टेन्स अनेक वर्षे बारिपदा येथे कुष्ठरुग्णांत काम करीत होते. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले, आणि देश सोडून न जाता कुष्ठरुग्णांचे काम पुढे काही वर्षे चालवले. ही क्षमा दुबळेपणाची म्हणता येत नाही. तशीच ती कायद्याच्या आडही आली नाही. खटला चालला, मुख्य आरोपीची फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने २००५ साली जन्मठेपेत बदलली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ती जन्मठेप कायम केली. क्षमा म्हणजे घडलेच नाही असे समजणे, हा गैरसमज येथे आपोआप दूर होतो. अपराध अपराधच राहतो, त्याची किंमत कोणी तरी मोजलेली असते. सूडाने ती पुढच्या माणसाकडे ढकलायची नाही, एवढा निश्चय क्षमा करणाऱ्याने केलेला असतो. तो निश्चय दुसऱ्याने पीडितावर लादण्याचा अधिकार मात्र कोणालाच नाही, धर्मगुरूलाही नाही.

प्रत्येकाच्या आयुष्यात मनोहरपूर येत नाही, आणि येऊ नये. परंतु वरिष्ठाच्या चुकीचे खापर कनिष्ठ लिपिकाच्या माथी मारणारी टिपणी टेबलावर येते; खाली सही करायची असते. वर्गात एखाद्या मुलाची त्याच्या जातीवरून किंवा बोलीवरून थट्टा चालू असते आणि शिक्षकाला ती ऐकू येत असते. परीक्षेतील गैरप्रकाराबद्दल साक्ष द्यायची तर मित्र दुरावणार असतात. अशा वेळी पिलाताचे पाणी हाताशीच असते. वधस्तंभावर श्रद्धा ठेवणाऱ्याची परीक्षा तेथे होते, आणि तेथे ख्रिस्ती मनुष्य इतरांहून हमखास सरस ठरतो असा दावा कोणीही प्रामाणिकपणे करू शकणार नाही. तामिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्ती मृतांना वेगळे ठेवण्यासाठी दफनभूमीत भिंती बांधल्या गेल्या. त्या भिंतींच्या दोन्ही बाजूंच्या थडग्यांवर क्रूस सारखेच आहेत.

शुभवर्तमानांत वधस्तंभाच्या वाटेवर कुरेनेकर शिमोन नावाचा एक मनुष्य भेटतो. तो शिष्य नव्हता. रानातून शहरात येत होता, सैनिकांनी धरला आणि आरोपीचे लाकूड त्याच्या खांद्यावर दिले. त्याने ते खुशीने उचलले असे कोठेही म्हटलेले नाही. पुढे त्याचे काय झाले हेही सांगितलेले नाही. मार्क फक्त त्याच्या दोन मुलांची नावे देतो, आलेक्सांद्र आणि रूफ, जणू वाचणारी मंडळी त्यांना ओळखतच होती.